डावी बाजू वर

१४ ऑक्टोबर १९९२, बुधवार

समितीची पहिली बैठक झाली. समिती म्हणजे साके या तांदळाच्या दारूचा कारखाना चालवणारे मोरोहाशि-सान आणि त्यांच्या होला हो म्हणणारे आम्ही सात जण. मी वर्तमानपत्राचा बातमीदार, म्हणून 'शब्दांचं काम' माझ्याकडे. चार वर्षं बौद्ध विद्यापीठात संस्कृत घोकलं त्याचा या उओहामा गावात एवढाच उपयोग. वडिलांचं देऊळ थोरल्या भावाला मिळालं, मला व्याकरण मिळालं.

ठराव असा: आपल्या गावची कन्या, गायिका कुरेहा नानाए हिच्या गायनाला पन्नास वर्षं होताहेत. त्यानिमित्त तिचं लाकडी ठशाचं चित्र, जुन्या पद्धतीने हाताने कोरलेलं, हाताने छापलेलं. शंभर प्रती, एकशे एकावी नाही. प्रकाशन मार्चात, पितरांच्या सुट्टीच्या दिवशी, कारण तेव्हा गावाबाहेर गेलेली मंडळी थडगी धुवायला हमखास येतात.

"नानाए-सान चित्रकारासमोर बसणार कधी?" मी विचारलं.

"बसणार नाहीत. वेळ नाही म्हणतात."

पन्नास वर्षांत बाई दोनदा गावी आल्या. एकदा गायला आणि एकदा आईच्या अंत्यविधीला, तोही उरकल्यावर.

"मग धाकटी बहीण आहे की," मोरोहाशि-सान म्हणाले. "फुमिए. तोंड तेच, फक्त प्रसिद्ध नाही."

सगळे हसले. मीही हसलो. विनोद बेताचा होता, पण कारखाना मोठा आहे.

२५ ऑक्टोबर, रविवार

फुमिए-सानच्या दुकानात चित्रासाठीची पहिली बैठक. टोकियोहून चित्रकार नुमाजिरि-सेन्सेइ आलेत. वय ऐंशी, बोलणं शून्य, हात अजून स्थिर. त्यांनी फुमिए-सानना दाराकडे तोंड करून बसवलं.

फुमिए-सानचा धंदा किमोनो नेसवण्याचा. सहासष्ट वर्षांच्या आहेत, पैकी चाळीस वर्षं या गावातली प्रत्येक नवरी त्यांच्या हातून गेली आहे आणि प्रत्येक प्रेतही. स्वतः नेसताना त्यांचे हात असे चालत होते की मी बघतच राहिलो.

"कुसानो-सान, बघताय काय? शिकायचंय?"

"म्हटलं, चुकत कसं नाही कधी."

"चुकून कसं चालेल? डावी बाजू वर आली की माणूस जिवंत, उजवी वर आली की मेलेलं. एवढं तर अंगणवाडीतलं पोरही जाणतं. पण खरं सांगू? एकदा सकाळी तांदूळवाल्याच्या म्हाताऱ्याला नेसवून आले आणि दुपारी नवरी समोर उभी. बाई गं, तीनदा तपासलं. नवरी म्हणते, मावशी, गळ्यापाशी काय शोधताय? म्हटलं, तुझं नशीब शोधतेय."

सेन्सेइ पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "हलू नका."

९ नोव्हेंबर, सोमवार

सहावी आणि शेवटची बैठक. फुमिए-सानना याची चटक लागली आहे असं दिसतं. आज चक्क ओठांना रंग होता. ताईचा तो डाव्या डोळ्याखालचा प्रसिद्ध तीळ फुमिए-सानना नाही. तो सेन्सेइ चित्रात घालणार. त्यावर म्हणाल्या, "घाला, घाला. तेवढाच माझ्यात कमी होता."

चहा घेताना हळूच म्हणाल्या, "इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं हो. नवऱ्यानेही नाही. तो टीव्हीकडे बघायचा आणि टीव्हीत ताई असायची."

मी त्यांना एक प्रत देण्याचं कबूल केलं. समितीला विचारायचं आहे.

मेमध्ये आमच्या लेकीचा, चिनात्सूचा, सज्ञान झाल्याचा विशीचा सोहळा. तिला फुमिए-सानच नेसवणार, हे आज पक्कं केलं. एकूण तेवीस मुली त्यांच्याकडे नोंदवल्या आहेत. वर्षभराचं पोट त्या एका सकाळवर चालतं, असं त्या म्हणाल्या. त्यांचं गणित मला कळलं नाही, पण मुलींची नावं त्यांना तोंडपाठ होती, उंचीसकट.

२ डिसेंबर, बुधवार

दोन बातम्या, दोन्ही वाईट. सेन्सेइंना अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, वाचा गेली. चित्र पूर्ण झालं होतं, एवढंच सुदैव.

दुसरी: नानाए-सानच्या कार्यालयातून फोन. चित्राची छायाप्रत पाहिली, बाई नाराज आहेत. त्यांचा चेहरा नेहमी डावीकडूनच दाखवायचा असतो. पन्नास वर्षांत उजवीकडून एकही फोटो नाही. चित्रात उजवा गाल पुढे आहे. 'बदलून घ्या.'

कोण बदलणार? ज्याने काढलं तो चमच्याने पेज पितो आहे.

८ डिसेंबर, मंगळवार

उपाय सापडला आणि तो मला सापडला, याची नोंद इथे तरी व्हावी.

मूळ चित्र पातळ कागदावर असतं. ते पालथं करून चेरीच्या फळीवर चिकटवतात आणि कागदासकट कोरतात. फळीवर उलटं, म्हणून छापल्यावर सुलटं. मग कागद उताणाच चिकटवला तर? छापल्यावर सगळं आरशासारखं फिरेल. उजवा गाल डावा होईल. नवं चित्र नको, नवा चित्रकार नको.

टोकियोला कोरणाऱ्या इगाराशि-सानना फोन केला.

"होईल की," ते म्हणाले. "कागद इतका पातळ आहे की दोन्हीकडून दिसतो. पण मग सगळंच फिरेल हं. काय काय परत जागेवर आणायचं ते तुम्ही लिहून पाठवा. माझा जन्म उलटं बघण्यात गेला, मला उलटसुलट काही वाटत नाही."

मी यादी केली. एक, तीळ: डाव्या डोळ्याखालीच राहिला पाहिजे. दोन, केसांतली फणी: बाई ती डावीकडेच लावतात. तीन, अक्षरं आणि सही: वेगळी कोरावी. तीन वेळा वाचली. अव्याप्ती नाही, अतिव्याप्ती नाही; काही सुटलं नाही, काही जास्तीचं नाही. आमचे जुने गुरुजी असते तर पाठ थोपटली असती.

मोरोहाशि-सान म्हणाले, "कुसानो-कुन, डोकं आहे तुम्हाला." एकवीस वर्षांत पहिल्यांदा. चिनात्सूच्या नोकरीचंही त्यांनी आपणहून काढलं: एप्रिलपासून कारखान्याच्या कार्यालयात.

१९ जानेवारी, मंगळवार

टोकियोला जाऊन फळी पाहून आलो. केसांच्या रेषा अशा की श्वास लागला तर तुटतील. कागदाचा आता कण उरलेला नाही. कोरता कोरता तो संपतोच. मूळ चित्र नावाची वस्तूच जगात राहिली नाही, हे विलक्षण आहे.

इगाराशि-सान छिन्नी पुसत म्हणाले, "गंमत सांगू? चाळीस वर्षं बायका कोरतोय. फळीवर त्या मला नेहमी मेलेल्याच वाटतात, छापल्यावर जिवंत होतात. ही पहिली बाई, जी फळीवरच जिवंत आहे."

"म्हणजे काम छान झालंय," मी म्हटलं.

"असेल," ते म्हणाले आणि फळीकडे बघत राहिले. कलावंत माणसं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणीची प्रत आली. यादी घेऊन बसलो. तीळ, बरोबर. फणी, बरोबर. अक्षरं, बरोबर. तिन्हींपुढे खूण करून सही केली. मोरोहाशि-सानांनी माझी सही पाहून सही केली, बाकीच्यांनी त्यांची पाहून.

घरी बायकोला, तामाएला दाखवली. ती मुळा किसत होती. "छान आहे हो," म्हणाली. "पण थंड वाटतं काहीतरी."

"फेब्रुवारी आहे," मी म्हटलं.

२० मार्च, शनिवार

क्रमाने लिहितो.

सभागृह भरलं होतं. नानाए-सान रुपेरी किमोनोत, अडुसष्टाव्या वर्षी पन्नाशीच्या दिसत होत्या. शंभरही प्रती आधीच विकल्या गेल्या होत्या, गुंडाळ्या दाराशी रचलेल्या. मोरोहाशि-सानांनी पहिल्या प्रतीवरचं कापड ओढलं.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. पुढून मागे, ओळीओळीने थांबत गेल्या. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे मिटून हात जोडले.

मी चित्राकडे पाहिलं. तीळ पाहिला, फणी पाहिली. मग गळा पाहिला. उजवी बाजू वर होती.

नानाए-सान हसतच होत्या. तसंच हसत त्यांनी दोन गाणी म्हटली, चित्राशेजारी उभ्या राहून. लोक गाणं ऐकत होते आणि बघत होते प्रेताच्या कपड्यांकडे.

मागच्या खोलीत त्या आरशासमोर बसल्या. "पन्नास वर्षं गायले," म्हणाल्या, "आणि गावाने कफन दिलं. मापही बरोबर आहे."

मोरोहाशि-सान कपाळ जमिनीला लावून होते. बाईंचा व्यवस्थापक माझ्याकडे वळला. "या कपड्यांत बसलं कोण होतं?"

"फुमिए-सान," मी म्हटलं.

हे पूर्ण सत्य आहे. प्रश्न 'कोण बसलं होतं' असा होता. प्रश्नाबाहेरचं उत्तर देणं हा न्यायशास्त्रात वादातला दोषच मानला आहे.

त्यांना बाहेरून बोलावलं. त्या नव्या मोज्यांत, धावत आल्या. त्यांना वाटलं असावं, प्रत देण्यासाठी बोलावलंय. चित्रासमोर उभ्या राहिल्या. खूप वेळ पाहिलं.

"मी तर दाराकडे तोंड करून बसले होते," त्या हळू म्हणाल्या. "ही भिंतीकडे बघतेय."

आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या घड्याळाचा पट्टा सैल झाला होता, तो मी लावत होतो.

"काय बडबडतेस?" नानाए-सान म्हणाल्या. "फुमि, बाहेर लोक थांबलेत. माफी माग म्हणजे संपेल."

"ताई, चाळीस वर्षांत मी एकदाही—"

"आईलाही तूच नेसवलंस ना? हात तिथेच अडकला असेल."

किटलीचा आवाज येत होता. फुमिए-सान खाली बसल्या, दोन्ही हात चटईवर टेकले, कपाळ हातांवर. "माझ्या हातून झालं. क्षमा असावी."

नानाए-सानांनी आरशातूनच मान हलवली. "ऊठ. मोजे मळतील."

व्यवस्थापकाने तेच बाहेर जाऊन लोकांसमोर करायला सांगितलं. त्यांनी तेही केलं. मनाचा केवढा मोठेपणा! मला खरोखर भरून आलं. त्या क्षणी मी बोललो असतो तर त्या मोठेपणाचीच शोभा गेली असती.

२१ मार्च, रविवार

वर्तमानपत्रासाठी खुलासा लिहिला. 'प्रतिमेसाठी बसलेल्या व्यक्तीच्या अनवधानामुळे.' अनवधान हा मी मुद्दाम निवडलेला मऊ शब्द. मुख्य कचेरीत तो कापून 'नेसवणारीच्या चुकीमुळे' असं केलं. संपादक लोकांना शब्दांची कदर राहिलेली नाही.

२४ मार्च, बुधवार

इगाराशि-सानचा फोन. "पेपर वाचला. फळी तुमच्या यादीबरहुकूम होती. कागद उताणा लावायला तुम्ही सांगितलंत."

"हो."

"मग त्या बाईंचं नाव कसं आलं?"

"गळ्याचं कुणाच्याच लक्षात आलं नाही, इगाराशि-सान. तुमच्याही."

"माझ्याही," ते म्हणाले. पुढच्या वर्षी कारखान्याला ठशांची दिनदर्शिका काढायची आहे, हे मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी फोन फार हळू ठेवला.

२ एप्रिल, शुक्रवार

शंभरही प्रती परत मागवल्या. असली वस्तू फाडणार कोण, टाकणार कोण? शेवटी माझ्या भावाने देवळाच्या अंगणात मंत्र म्हणून त्या जाळल्या. मोरोहाशि-सानांच्या सांगण्यावरून फुमिए-सानना पुढे उभं केलं होतं. एकेक चेहरा काळा होऊन गुंडाळत होता. तो ताईचा म्हणून कोरला असला तरी होता धाकटीचाच, हे तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं. धूर त्यांच्याकडेच जात होता. त्या बाजूला झाल्या नाहीत.

जळल्या त्या नव्व्याण्णव. एक प्रत मोजणीत कमी भरली. मी गप्प राहिलो. फुमिए-सानना एक देण्याचा शब्द माझाच होता.

फळीही रद्द करायची असते, म्हणून इगाराशि-सानांनी तिच्यावर आडवी खाच मारून पाठवली. नेमकी डोळ्यांवरून गेली आहे. ती फुमिए-सानना आठवण म्हणून द्यावी असं मी सुचवलं. सर्वांना पटलं.

७ एप्रिल, बुधवार

"अहो, चिनात्सूचं त्या बाईंकडून काढून घेतलं मी," तामाए म्हणाली. "शेजारच्या गावच्या पार्लरमध्ये दिलंय. लाख कुशल असतील, पण अपशकुन घरात कशाला? तेवीसपैकी वीस जणींनी काढलंय."

"आपण एकविसावे होऊ," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं? चूक त्यांचीच ना?"

"पेपरात तसंच आलंय," मी म्हटलं.

१९ एप्रिल, सोमवार

प्रेतं नेणाऱ्या कंपनीची गाडी फुमिए-सानच्या दारात दिसली. आता त्यांना तेवढंच काम उरलंय म्हणे. नवऱ्या नाहीत, विशीच्या मुली नाहीत. माझ्या दृष्टीने ते एकपरीने बरंच आहे. एकाच प्रकारचं काम राहिलं की हाताचा गोंधळ होत नाही. फळी त्यांनी मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर दडपण म्हणून ठेवली आहे, चेहरा खाली करून. लाकूड चेरीचं, जड असतं.

३ मे, सोमवार

चिनात्सूचा विशीचा सोहळा. पार्लरवाल्या मुलीने कंबरपट्टा असा बांधला होता की साडेदहालाच तो घसरला. पोर रडकुंडीला आली. मोरोहाशि-सानांसोबत फोटो व्हायचा होता. मी तिला गाडीत घालून फुमिए-सानच्या मागच्या दाराने नेलं. पुढच्या दारावरची पाटी काढलेली दिसली. खिळ्यांची भोकं तेवढी होती.

त्यांनी घसरलेला पट्टा पाहिला. हात धुतले, पोरीमागे गुडघ्यावर बसल्या. दोन मिनिटं. तोंडात दोरी धरून म्हणाल्या, "पोट आत घे गं. फोटोपुरतं. मग खा काय खायचं ते."

चिनात्सू हसली. आरशासमोर वळून गळा बघायला लागली.

"आरशात बघून खात्री करू नये, पोरी," फुमिए-सान म्हणाल्या. "आरशात जिवंत माणूस मेलेला दिसतो. बघ."

खरंच. आरशातल्या माझ्या मुलीची उजवी बाजू वर होती. तिच्या मागे भिंतीवर ती उरलेली प्रत टांगली होती. आरशातली ती बाई दाराकडे तोंड करून बसली होती, डावी बाजू वर, नीट नेसलेली.

"ही इथे बरोबर आहे," फुमिए-सान म्हणाल्या. "फणी तेवढी भलतीकडे. आणि तीळही. ते दोन कुणीतरी उचलून ठेवलेत. गळ्याचं विसरला बिचारा."

'बिचारा' म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दोऱ्या गोळा करत होत्या. पैसे घेतले नाहीत. एकटेपणाने माणसाच्या डोक्यावर थोडा परिणाम होतोच.

फोटो उत्तम झाला. मोरोहाशि-सान म्हणाले, "कुठे नेसवलं? काय सुरेख बसलाय पट्टा!" चिनात्सूने पार्लरचं नाव सांगितलं.

गाडीत ती गळ्याची घडी चाचपत बसली होती. संध्याकाळी मी आंघोळीला गेलो होतो. परत आलो तर ही वही टेबलावर उघडी. मी ती नेहमी पालथी ठेवतो. पान ८ डिसेंबरचं होतं, यादीचं.

चिनात्सू दारात उभी होती. किमोनो सोडून नीट घडी घातलेला, केस अजून वर बांधलेले. मला वाटलं रडेल, ओरडेल. मी एक लांबलचक वाक्य मनात जुळवायला घेतलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "वही कपाटात ठेवत जा. किल्ली मी आईला देणार नाही."

आणि जेवायला वाढलंय म्हणून सांगून गेली. उद्या सकाळी तिला कारखान्यात साठ्याची मोजणी आहे, लवकर उठायचंय. किती समजूतदार निघाली पोर.